बिननावाच्या इअरफोनचं बारसं

महागड्या इन-इअर मॉनिटरांची, म्हणजे कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनांची, नावं ओळीनं वाचली की दरबार भरल्यासारखं वाटतं. एम्पायर इअर्सकडे झ्यूस आहे, ओडिन आहे. नोबल ऑडिओनं कैसर, सुलतान, खान असे एकामागोमाग एक तख्तावर बसवले. ६४ ऑडिओनं एकेका कानात १८ ड्रायव्हर, म्हणजे इवले इवले स्पीकर, कोंबले आणि त्या मॉडेलला 'झार' म्हणून बाजारात आणलं. कॅम्पफायर ऑडिओला राजेरजवाडे नको होते, त्यांनी आकाश धरलं: अँड्रोमेडा, व्हेगा, ओरायन, पोलॅरिस. म्हणजे आपले देवयानी, अभिजित, मृग आणि ध्रुव. जेएच ऑडिओनं रॉक गाण्यांत गाजलेल्या बायका उचलल्या, रोक्सॅन, लैला, अँजी. आणि ही सगळी मातब्बर मंडळी प्रत्यक्षात केवढी? अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. खिशात एक झ्यूस आणि एक ओडिन सहज मावतात. केबलींचा गुंता झाला तर तो भाग वेगळा.

काही घराणी मात्र आकड्यांवरच थांबतात. एटिमोटिकचा ईआर-४ १९९१ साली आला, आणि आजही त्याच नावाची भावंडं विकली जातात. शुअरचा एसई८४६ आहे, सेनहायझरचा आयई ९०० आहे. या आकड्यांतून काहीएक कळत नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं. 'आठशे शेहेचाळीस' ऐकून मनात काही वाजत नाही. 'झ्यूस' म्हटलं की केबल जोडायच्या आधीच गडगडाट सुरू होतो. मग प्रत्यक्षात बेस बेताचा निघाला तरी आपण म्हणतो, 'किती संयत ताकद आहे!' ट्यूनिंगचा पहिला हात कारखान्यात फिरतो तो फिरतो. दुसरा हात नाव ठेवणाऱ्याचा असतो, असं माझं जुनं मत. ते कधी तपासून पाहायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्याआधी या राजांच्या अंतःपुरात काय असतं ते सांगायला हवं. यातल्या बऱ्याच मॉनिटरांचं काम बॅलन्स्ड आर्मेचरवर चालतं. हा प्रकार श्रवणयंत्रांतून आला. धातूची एक पातळ पट्टी, तिच्याभोवती तारेचं वेटोळं, पट्टीचं टोक दोन चुंबकांच्या फटीत तोलून धरलेलं. वेटोळ्यातून सिग्नल गेला की पट्टी किंचित या चुंबकाकडे किंवा त्या चुंबकाकडे झुकते, आणि तिला चिकटवलेली केसासारखी काडी वरचा पडदा हलवते. हे सगळं काही मिलिमीटरच्या डबीत. गंमत अशी की बहुतेक ब्रँड या डब्या स्वतः बनवत नाहीत, प्रामुख्यानं नोल्स आणि सोनियन या दोन कंपन्यांकडून घेतात. म्हणजे दरबार वेगवेगळे असले तरी शिपाई पुष्कळदा एकाच गावचे. फरक पडतो तो त्यांची तैनाती कशी करता यावर: क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे स्वर ड्रायव्हरांत वाटून देणारी जोडणी, कुठे तोडला, आवाजाची नळी किती लांब ठेवली, तिच्यात आवाजाला आवर घालणारा डॅम्पर कुठला बसवला. याच्या उलट टोकाला आयई ९००. त्यात ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे साध्या स्पीकरचीच छोटी आवृत्ती, आहे, आणि त्याला कोणी गरीब म्हणत नाही.

ही चीज वाढली ती घरापेक्षा रंगमंचावर. १९९५च्या सुमारास जेरी हार्वे व्हॅन हेलन या बँडचं रंगमंचावरचं ध्वनिसंयोजन पाहत होते. ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनना त्या गदारोळात स्वतःचं वाजवणं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी कानात बसणारे मॉनिटर बनवले, आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. जेएच ऑडिओ त्यांनी नंतर काढली. बाहेरचा कल्लोळ अडवायचा आणि आत हवं तेवढंच सोडायचं, हा त्या वस्तूचा धर्म. आज तीच वस्तू कानात घालून माणसं शांत खोलीत दिवा मालवून बसतात आणि गायिकेनं तान घेण्याआधी श्वास कुठून घेतला ते शोधतात. त्यात मीही आलोच.

आता मतांकडे. कानसेनांची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. आवाज 'उबदार' असतो, 'गडद' असतो, 'काचेसारखा' असतो, 'कोरडा' असतो. स्पर्श, रंग, चव या सगळ्यांकडून उसनवारी केल्याशिवाय दोन ओळी लिहिता येत नाहीत. तरी आपल्याकडे घुमारा, खर्ज, किनरा, घोगरा, भरदार असे खास कानासाठीच जन्मलेले शब्द आहेत. पण ते सोडून 'साउंडस्टेज' आणि 'टिंबर' यांवरच सगळ्यांचा जीव. आणि एवढी उसनवारी करूनही दोघांची मतं जुळतील तर शपथ. एकच मॉनिटर एकाला 'ट्रेबल सुईसारखा टोचतो', तर दुसऱ्याला 'वर झाकण टाकल्यासारखं' वाटतं. मग एक दुसऱ्याचे कान काढतो, दुसरा पहिल्याची केबल. 'बर्न-इन झालं नसेल,' असं म्हणणारा एक जण प्रत्येक घोळक्यात असतोच. शंभर तास वाजवल्यावर आवाज सुधारतो म्हणे. मला वाटतं, शंभर तासांत मेंदूच सोकावतो.

आमच्या ऐकणाऱ्यांच्या टोळक्याकडे असंच एक प्रकरण आलं. एक छोटा कारागीर, इअरफोनचं शेल म्हणजे कवच हातानं ओतणारा, त्याचं नवं मॉडेल तयार होतं आणि नाव सुचत नव्हतं. त्यानं नाव ठेवण्याची स्पर्धाच लावली. एक नमुना ऐकणाऱ्यांत फिरवायचा, प्रत्येकानं चार दिवस ठेवून घ्यायचा, ऐकून मत लिहायचं आणि एक नाव सुचवायचं. ज्याचं नाव निवडलं जाईल त्याला त्याच्या कानाच्या साच्यावर बनवलेली जोडी बक्षीस. अट एकच: आत किती ड्रायव्हर आहेत, कसले आहेत आणि किंमत काय, यातलं काही विचारायचं नाही. नमुना काळ्या रेझिनचा, आरपार न दिसणारा. त्यावर अक्षर नव्हतं की चिन्ह. डावा-उजवा कळावा म्हणून उजव्याला लाल ठिपका, बस्स.

ही अट मला फार मोलाची वाटली. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हारमन या आपल्याच ऑडिओ कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्पीकर ऐकवले होते, एकदा डोळ्यांसमोर ठेवून, एकदा पडद्याआड. समोर दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या स्पीकरांना भरघोस गुण पडले आणि लहानग्याला कमी. पडदा पडला आणि ती दरी आक्रसली. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे खोलीत स्पीकरची जागा बदलल्यानं आवाजात जो खरोखरचा फरक पडत होता, तो पडद्याआड ऐकताना लोकांना जाणवला. स्पीकर डोळ्यांना दिसत असताना त्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. पण इन-इअरच्या बाबतीत असा पडदा टाकायचा कुठे? शेलचा आकार, वजन, कानात शिरणाऱ्या तोटीची, म्हणजे नॉझलची, जाडी कानाला लगेच कळते. म्हणून ऑलिव्ह यांच्या चमूनं पुढे एकाच इअरफोनवर बाकीच्यांचे रिस्पॉन्स, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती जोरात निघतो त्याचे आलेख, उभे करून ऐकवले. आमच्या हातात तेवढी साधनं नव्हती, पण बिननावाची, बिनकिमतीची काळी डबी होती. घरगुती पडदा म्हणून वाईट नाही.

टोळक्यात एक तबलजी, एक गाणं शिकवणारी मैत्रीण, एक मोजमापवाला आणि एक संग्राहक. संग्राहकाकडे मघाच्या दरबारातले अर्धे लोक चाकरीला आहेत. पहिला मान त्याचा. त्यानं नॉझलवर फोमच्या टिप्स, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपणं, चढवल्या, चार दिवस ऐकलं, आणि तीन पानी मत पाठवलं. 'वेग' हा शब्द त्यात जागोजागी होता. 'आर्मेचरशिवाय हा वेग येत नाही, आणि वरच्या स्वरांसाठी इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विद्युतभारानं पडदा हलवणारा, ड्रायव्हर असणार. एकेका कानात निदान नऊ ड्रायव्हर,' असं त्यानं ठासून लिहिलं. सुचवलेलं नाव, 'वज्र'.

मग तबलजीची पाळी. त्याचं मत एका ओळीचं: 'दायाँ दिसतो, डग्गा रजेवर आहे.' नाव, 'एकहाती'.

एकच नमुना आणि एकीकडे वज्र, दुसरीकडे एकहाती! संग्राहक भडकला. 'तबला वाजवून वाजवून त्याचे कान गेलेत,' म्हणाला. मोजमापवाला मात्र उठून तबलजीकडे गेला आणि त्याच्या कानातली डबी पाहिली. तबलजीनं नमुन्याबरोबर आलेल्या मधल्या मापाच्या सिलिकॉन टिप्स तशाच ठेवल्या होत्या आणि त्याच्या कानाची नळी चांगली ऐसपैस. टिप आणि कातडी यांच्यामध्ये बारीक फट राहत होती. शंभर हर्ट्झच्या खालचा आवाज अशा फटीतून सरळ पळून जातो. कानात बंदिस्त हवेवर दाब आला तरच बेस. मोठ्या मापाची टिप लावली, कानाची पाळी वर ओढून डबी आत सारली, आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. डग्ग्यावर मनगट रेटून काढलेला तो वर चढत जाणारा घुमारा आला तसा तबलजीचा स्वतःचा डावा हात मांडीवर सरकला. मी समोरच होतो. तो काही बोलला नाही, कागद मागून घेतला, 'एकहाती' खोडलं आणि 'जोड' लिहिलं.

गाणं शिकवणाऱ्या मैत्रिणीचं सगळं वेगळं. ती नवा इअरफोन तंबोऱ्यावर तपासते, आणि मला ती सगळ्यात कठीण परीक्षा वाटते. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला हलकासा उतार असतो. तार सुटताना त्या उतारावर घासत जाते आणि एका षड्जातून वरच्या स्वरांचा अख्खा थवा उठतो. सुताचा दोरा केसभर पुढेमागे केला की जवारी, म्हणजे हा झणकार, खुलते किंवा बंद होते. इअरफोनमध्ये पाच ते दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जरा खोट असली की तंबोरा एक तर पत्र्यासारखा होतो, नाही तर गोधडीत गुंडाळल्यासारखा. तिनं लिहिलं: 'जवारी जरा जास्तच खुली आहे, पण सुरेख. तार सोडल्यावर मागे राहतं ते इतकं स्वच्छ मी यंत्रातून ऐकलं नव्हतं. मात्र गाण्याच्या शब्दांतला "स" बोचतो.' नाव, 'आस', म्हणजे स्वर सुटल्यावर मागे रेंगाळणारा नाद.

मोजमापवाल्यानं नाव म्हणून 'तीन हजार' असं लिहून पाठवलं, कारण त्याच्या आलेखात ३ किलोहर्ट्झला नीटस उंचवटा होता. त्याला काव्य कळत नाही असा सर्वांचा समज आहे, पण त्या उंचवट्याची गोष्ट त्यानंच सांगितली आणि ती मला बाकी सगळ्या नावांपेक्षा आवडली. मोकळ्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. अशी नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते. जन्मापासून आपण सगळं जग त्या घुमाऱ्यासकटच ऐकत आलेलो असतो. इअरफोननं नळीचं तोंड बुजवलं की तो घुमारा मरतो. म्हणून बनवणाऱ्याला तो आवाजातच कालवून परत द्यावा लागतो. न दिला तर गाणारा भिंतीपलीकडे गेल्यासारखा वाटतो, जास्त दिला तर अंगावर येतो. पण बुजवलेल्या नळीत एक नवा घुमारा जन्मतो. तो किती वर बसेल हे नॉझल आणि कानाचा पडदा यांत किती जागा उरली त्यावर ठरतं. डबी खोल गेली तर तो वर सरकतो, उथळ राहिली तर खाली येतो आणि नेमका 'स'-'श'च्या वस्तीत शिरतो. मैत्रिणीच्या कानाची नळी अरुंद, डबी तिच्या कानात उथळच बसत होती. जवारी खुली होती ती म्हणून, आणि 'स' बोचत होता तोही म्हणूनच. मोजमापवाल्याकडचा कृत्रिम कान, ज्याला सगळे '७११' म्हणतात, तो सरासरी माणसाचा आहे. आमच्यात सरासरी कोणीच नव्हतं.

हे ऐकल्यापासून 'आवड ज्याची त्याची' हे वाक्य मला आळशीपणाचं वाटतं. आवडीपर्यंत पोचायच्या आधीच दोघांच्या पडद्यावर दोन वेगळे आवाज पडलेले असतात. संग्राहक आणि तबलजी तासभर भांडले ते एका इअरफोनवरून भांडतच नव्हते. आणि मतांमधून जे कळलं नाही ते नावांमधून कळलं. तीन पानी परीक्षणात माणूस ऐकीव विशेषणांची आतषबाजी करू शकतो. नाव एकच द्यायचं म्हटल्यावर कानात खरोखर काय पडलं ते बाहेर येतं. 'एकहाती' या शब्दानं सील गळत असल्याचं जितकं अचूक सांगितलं तितकं कुठल्याच परिच्छेदानं सांगितलं नाही.

माझ्या सुचवणीबद्दल विचाराल तर मी 'अमुक' लिहिलं होतं. त्यावर कोणी हसलंही नाही.

निकालाबरोबर कारागिरानं आतली माहितीही खुली केली. एकेका कानात एकच डायनॅमिक ड्रायव्हर. आर्मेचर नाही, इलेक्ट्रोस्टॅटिक तर नाहीच. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण इथे उलटी लागू पडत होती. वाळा सोन्याचा होता आणि नावच नव्हतं. संग्राहक दोन दिवस गप्प होता. मग त्यानं लिहिलं की एक ड्रायव्हर इतका वेगवान असेल तर ती कारागिरी आणखीच मोठी. यावर काय बोलणार! मोजमापवाल्यानं त्याला जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाचं २०१७चं काम पाठवलं. त्यांनी २८३ हेडफोनांचे मोजलेले रिस्पॉन्स किमतींशी ताडून पाहिले होते आणि दोहोंत नातं सापडलं नव्हतं. 'आलेखात सगळं येत नाही,' संग्राहकाचं उत्तर. ते अर्धं मलाही पटतं. पण उरलेलं सगळं किमतीत येतं, हे कुठल्या तर्कानं?

निवडलं गेलेलं नाव 'आस'. सोनेरी अक्षरांत ते शेलवर आलं, आणि तोच नमुना ऐकणाऱ्यांच्या दुसऱ्या एका टोळक्याकडे रवाना झाला. त्यांची मतं आम्हाला वाचायला मिळाली. 'वेग' शब्द कुठेच नव्हता. स्वर सुटल्यावर किती रेंगाळतो, शेवटच्या ठोक्याची शेपटी किती लांब ऐकू येते, मींड कशी तुटत नाही, असंच सगळीकडे. एकानं तर रिव्हर्ब मोजून काढल्यासारखं वर्णन केलं होतं. डबी तीच, ड्रायव्हर तोच. तबलजी म्हणाला, 'माझं नाव घेतलं असतं तर या लोकांना दोन्ही हात ऐकू आले असते.'

मैत्रीण बक्षिसाच्या जोडीसाठी कानाचे साचे द्यायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. श्रवणतज्ज्ञ आधी कानात दिवा घालून पाहतात, मग दोऱ्याला बांधलेला फोमचा छोटा बोळा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे सारतात, म्हणजे साच्याचं सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. मग दातांत एक ठोकळा धरायला देतात, कारण जबडा उघडा असताना आणि मिटलेला असताना नळीचा आकार बदलतो, आणि गाणाऱ्याला तर जबडा उघडावाच लागतो. पिचकारीतून गुलाबी लगदा आत गेला. पाच मिनिटं ती आ वासून, एका अक्षरानंही न बोलता बसली. तिला ओळखणाऱ्यांना यातलं नवल कळेल. साचा बाहेर आला तेव्हा वाकड्या शिंगासारखा दिसत होता. 'एवढा वळसा घालून आवाज माझ्यापर्यंत येतो?' तिनं तो हातात फिरवत विचारलं.

जोडी आली. साच्यातून बनलेली, त्यामुळे नमुन्यापेक्षा कितीतरी खोल बसणारी, जराही फट न ठेवणारी. तिनं तंबोरा लावला. थोडा वेळ ऐकलं, काढली, पुसली, पुन्हा घातली. मग मला म्हणाली, 'जवारी बंद झालीय रे.' साहजिकच होतं. डबी खोल गेली, तो नवा घुमारा वर सरकला, 'स' बोचायचा थांबला आणि त्याच्याबरोबर ती झळाळीही गेली, जिच्यावरून तिनं नाव ठेवलं होतं. तिनं कारागिराला कळवलं. त्यानं जोडी परत मागवली, नळीतला डॅम्पर बदलला, नॉझल थोडा आखूड केला, पाठवली. कारागीर भला माणूस, पैसेही घेतले नाहीत.

'आता बरी आहे,' ती म्हणाली. 'रोज वापरीन. पण मी नाव दिलं ती ही नव्हे. शेलवरची अक्षरं पुसून देतो का विचार ना त्याला.'

मी विचारलं. नाव लॅकरच्या थराखाली आहे, निघणार नाही, असं त्याचं उत्तर आलं.